लघुप्रबंध, सह्या, परीक्षा: ताळगाव पठारावरचं चौथं सत्र

एम. ए. मराठीचं चौथं सत्र संपलं, लघुप्रबंध जमा झाला, तोंडी परीक्षा झाली, गुणपत्रिकाही हातात आली. पुढच्या वर्षी ताळगाव पठारावरच्या गोवा विद्यापीठात याच वाटेने जाणाऱ्यांसाठी सगळा क्रम लिहून ठेवत आहे. इतर विषयांच्या मुलांनाही यातला बराच भाग लागू पडेल. तारखा आणि नमुने मात्र आपल्या विभागाच्या सूचनेवरूनच घ्या, ते बदलत असतात. इथे आहे तो कामांचा क्रम, आणि कुठलं काम कुठे अडतं ते.

आधी हिशेब. चौथ्या सत्राच्या २० श्रेयांकांपैकी (क्रेडिट) १६ एकट्या लघुप्रबंधाचे आणि उरलेले ४ एका वैकल्पिक विषयाचे. आकडे पाहून वाटतं, तो एक विषय शेवटी बघू. पण त्याला सत्रांतर्गत मूल्यमापन (त्याला सगळे ‘आयएसए’ म्हणतात) आणि सत्रान्त परीक्षा म्हणजे एसईए, दोन्ही असतात, आणि एसईए लघुप्रबंध जमा करण्याच्या तारखेच्या आगेमागेच येते. त्या विषयाचं आयएसएचं सादरीकरण किंवा निबंध फेब्रुवारीतच उरकता आला तर उरका. शिक्षक साधारणपणे आधी घ्यायला नाही म्हणत नाहीत. उशिरा घ्यायला मात्र नाही म्हणतात.

मग जमा करण्याच्या तारखेपासून उलटं मोजत या. बांधणीला दोन ते तीन दिवस. सह्यांना पाच कामाचे दिवस. साम्य तपासणी (मजकूर दुसरीकडून उचललेला नाही ना, याची सॉफ्टवेअरने होणारी पडताळणी) आणि त्यानंतरच्या दुरुस्त्यांना एक आठवडा. मार्गदर्शकांनी पूर्ण मसुदा वाचायला दोन आठवडे, कारण त्यांच्याकडे तुम्ही एकटे नसता आणि त्यांच्या पेपर तपासण्याही त्याच दिवसांत असतात. त्यांच्या खुणांप्रमाणे सुधारायला एक आठवडा. शुद्धलेखनाला आणखी चार दिवस. म्हणजे एप्रिलअखेर जमा करायचं असेल, तर पूर्ण मसुदा मार्चच्या मध्यावर मार्गदर्शकांच्या टेबलावर हवा. ‘पूर्ण’ म्हणजे सगळी प्रकरणं, समारोप आणि संदर्भसूची. ‘समारोप नंतर देतो’ असं सांगून दिलेला मसुदा पूर्ण नसतो, आणि वाचणारे तो बाजूला ठेवतात.

या मोजणीतून सुट्या वजा करायला विसरू नका. शिगमो, गुढीपाडवा, गुड फ्रायडे, १४ एप्रिल आणि १ मे एवढ्यातच येतात, आणि गुड फ्रायडेच्या आठवड्यात अर्धी माणसं गावी असतात. हिवाळ्यात संपणाऱ्या सत्राचीही तीच गत: चवथ, दिवाळी, ३ डिसेंबरचं फेस्त, १९ डिसेंबरचा गोवा मुक्तिदिन. कॅलेंडरवर पाच दिवस दिसतात, प्रत्यक्ष कामाचे तीनच निघतात.

संदर्भ गोळा करण्याचं काम फेब्रुवारीअखेर थांबवावं. नवं काही सापडलं तर टिपेत जाईल, प्रकरणात नाही. विद्यापीठाच्या ग्रंथालयात पिसुर्लेकर आणि दा. ध. कोसंबी या इतिहासकारांचे संग्रह आहेत, पाटो येथे कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय आहे, आणि पणजीतच पुराभिलेख खातं. जुनी वर्तमानपत्रं बघायची असतील, समजा १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलाच्या आधीची चर्चा, तर तिथेच बसून प्रत्येक नोंदीचं वर्तमानपत्राचं नाव, प्रकाशनस्थळ, तारीख, पान आणि स्तंभ लिहून घ्या. मथळ्याचा फोटो काढून घरी येणाऱ्यांना एप्रिलमध्ये पान क्रमांकासाठी परत जावं लागतं, कारण फोटोत पानाचा वरचा कोपरा आलेला नसतो. फोटोला परवानगी लागते, ती त्याच दिवशी मिळेल असं धरू नका. मार्गदर्शकांच्या सहीचं पत्र जवळ असलं की काम सोपं होतं. पुस्तकाचा दाखल क्रमांकही टिपून ठेवा. दुसऱ्यांदा मागताना तोच उपयोगी पडतो. मुलाखती घेतल्या असतील तर बोलणाऱ्याची लेखी संमती त्याच दिवशी घ्या, आणि मुलाखतीची तारीख व ठिकाण परिशिष्टात द्या.

आता टंकन. बहुतेकांचा वेळ इथे जातो, आणि याबद्दल आधी कोणी फारसं सांगत नाही.

पहिली गोष्ट, सुरुवातीपासून युनिकोडमध्येच लिहा. जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये (श्रीलिपी, कृतिदेव वगैरे) टंकन करून घेतलं तर कागदावर ते छान दिसतं, पण फाइलच्या पोटात मराठी नसते, रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी असते. ती पीडीएफ साम्य तपासणीला गेली की सॉफ्टवेअरला काहीच वाचता येत नाही, आणि अहवाल एक तर शून्य टक्के येतो किंवा फाइल परत येते. शून्य टक्के पाहून आनंद मानू नये, तपासणारे तो अहवाल स्वीकारत नाहीत. रूपांतरण करणारी साधनं आहेत, पण जोडाक्षरं, रफार आणि अवतरणचिन्हं बिघडतात. शंभर पानं रूपांतरित करून तपासण्यापेक्षा ती पुन्हा टंकणं कधीकधी लवकर होतं.

दुसरी, वर्डमधली. स्टाइलमध्ये जाऊन आकार १२ चा १४ केला आणि मराठी मजकूर हललाच नाही, असं प्रत्येकाचं होतं. कारण वर्डच्या हिशेबात देवनागरी ही ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट’. फॉन्टच्या खिडकीत तिच्यासाठी वेगळा रकाना असतो. फॉन्टचं नाव, ठळकपणा आणि आकार तिथे बदलावे लागतात. वरच्या रकान्यात बदल केला तर फक्त रोमन अक्षरं बदलतात. हे एकदा ‘नॉर्मल’ आणि तिन्ही शीर्षकांच्या स्टाइलमध्ये नीट बसवलं की पुढे त्रास नाही. शीर्षकांना हाताने ठळक करू नका, ‘हेडिंग १’, ‘हेडिंग २’ याच स्टाइल वापरा. मग अनुक्रमणिका आपोआप तयार होते आणि पानं सरकली तरी एका क्लिकमध्ये सुधारते. हाताने टंकलेली अनुक्रमणिका शेवटच्या रात्री चुकते, याला अपवाद पाहिलेला नाही.

फॉन्ट कुठला? यशोमुद्रा मोफत मिळतो आणि त्यात ल आणि श मराठी वळणाचे आहेत. मंगल आणि निर्मला बहुतेक विंडोज संगणकांवर असतात, पण पुस्तकी छपाईला ते जरा पोरके दिसतात. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा र काही कीबोर्डवर वेगळ्या कळीने येतो. तो सगळीकडे एकाच पद्धतीने टंकलेला हवा, नाहीतर ‘शोधा’मध्ये अर्धे शब्द सापडतच नाहीत. ओव्या, अभंग उद्धृत करताना ओळीअखेर एंटर न मारता शिफ्ट-एंटर मारा, म्हणजे कडव्याच्या मधोमध परिच्छेदाची मोकळी जागा शिरत नाही.

समास: डावीकडे बांधणीसाठी दीड इंच, बाकी तिन्हीकडे एक इंच, ओळींतलं अंतर दीड, ही प्रचलित मापं. तुमच्या विभागाच्या पत्रिकेत वेगळी असतील तर अर्थात तीच. प्रतिज्ञापत्र, प्रमाणपत्र, ऋणनिर्देश आणि अनुक्रमणिका यांना रोमन अंक आणि पहिल्या प्रकरणापासून देवनागरी १, असं हवं असेल तर मध्ये ‘सेक्शन ब्रेक’ घालावा लागतो. साध्या ‘पेज ब्रेक’ने होत नाही. नव्या सेक्शनच्या फूटरमध्ये (पानाच्या तळपट्टीत) ‘मागच्याशी जोडलेले’ हा पर्याय बंद करायचा, नाहीतर एकीकडचा फूटर बदलला की दोन्हीकडे बदलतो.

एक आवर्जून: एप्रिल-मेमध्ये वीज जाते, वळीव आला की हमखास. डेस्कटॉपवर काम असेल तर दर दहा मिनिटांनी सेव्ह, रोज रात्री स्वतःलाच ईमेल, आणि फाइलच्या नावात तारीख. ‘फायनल’, ‘फायनल नवीन’, ‘शेवटचं फायनल’ या नावांनी कुणाचंही भलं झालेलं नाही.

साम्य तपासणी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात करून घ्यावी. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे वाङ्मयचौर्याबाबतचे विनियम पदव्युत्तर लघुप्रबंधालाही लागू आहेत. १० टक्क्यांपर्यंत साम्य असेल तर दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर ठरवून दिलेल्या मुदतीत, जास्तीत जास्त सहा महिन्यांत, सुधारून परत द्यायचं. ४० ते ६० टक्क्यांना सुधारित प्रत द्यायलाच एक वर्ष बंदी, आणि त्याच्या वर गेलं तर नोंदणी रद्द. श्रेय देऊन उद्धृत केलेला मजकूर, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश मोजणीतून वगळतात. सर्वज्ञात माहितीत सलग चौदा शब्दांपर्यंत जुळलेलंही.

प्रत्यक्षात आकडा फुगतो तो बहुधा चोरीमुळे नाही. साहित्याच्या लघुप्रबंधात उतारे भरपूर असतात, आणि अवतरणचिन्हं न घालता नुसता समास वाढवून दिलेला उतारा सॉफ्टवेअरला उतारा म्हणून कळेलच असं नाही. म्हणून लांब उताऱ्यालाही अवतरणचिन्हं द्या, आणि तपासणीसाठी फाइल देताना ‘अवतरणं व संदर्भसूची वगळून’ अहवाल काढायला सांगा. दुसरं कारण म्हणजे पहिलं प्रकरण. गोव्याचा इतिहास, लेखकाचा परिचय, संकल्पनेची व्याख्या ही पानं सगळ्यांची सारखीच असतात आणि सगळ्यांनी ती तिथूनच घेतलेली असतात. ती पानं पुस्तक मिटून, आपल्या शब्दांत, निम्म्या लांबीची लिहा. परीक्षकांनाही ती कमीच हवी असतात. शब्दांच्या जागी समानार्थी शब्द घालून टक्के उतरवायचा खेळ करू नये. वाचताना तो लगेच दिसतो आणि तोंडी परीक्षेत त्याच परिच्छेदावर प्रश्न येतो.

छपाई आणि सह्या. दुकानात वर्ड फाइल नेऊ नका. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसला की पानं सरकतात, कधी सगळीकडे चौकोन उमटतात. ‘सेव्ह अॅज पीडीएफ’ करा, ती पीडीएफ आधी आपल्या फोनवर उघडून पाहा, मगच पेन ड्राइव्हवर घ्या. काळ्या-पांढऱ्या छपाईला पानामागे एक ते दोन रुपये, रंगीत पानाला दहाच्या आसपास, रेक्झिनच्या पक्क्या बांधणीला सोनेरी अक्षरांसह प्रतीमागे तीनशेच्या आसपास धरून चला. शंभर-सव्वाशे पानांच्या चार प्रती (विभाग, मार्गदर्शक, ग्रंथालय, स्वतः) म्हणजे रंगीत पानं धरून साधारण दोन ते अडीच हजारांचा खर्च. हा खर्च आणि पीजीचं (पेइंग गेस्ट खोलीचं) मे महिन्याचं भाडं एकत्र येतात, मार्चपासून बाजूला टाकत गेलात तर बरं. बांधणीचं दुकान विद्यापीठाजवळच शोधायची गरज नाही. पणजी, म्हापसा, मडगाव, फोंडा सगळीकडे करणारे आहेत, आणि एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात दूरचा बाइंडर मोकळा असतो.

क्रम असा: आधी स्पायरल बांधणीची एक प्रत मार्गदर्शकांना शेवटच्या नजरेसाठी. त्यांनी होकार दिला की प्रतिज्ञापत्र आणि प्रमाणपत्राची पानं सुटी छापा, प्रतींच्या संख्येपेक्षा दोन जास्त. आधी तुमची सही, मग मार्गदर्शकांची, मग अधिष्ठात्यांची, मग शिक्का. हा क्रम उलटा होत नाही. मार्गदर्शकांची सही नसलेल्या कागदावर वरची सही कोणी करत नाही. शिक्का कार्यालयात असतो आणि शिक्का मारणारी व्यक्ती जेवणाच्या सुट्टीत नसते, म्हणून सकाळीच जा. सही निळ्या शाईची घ्या, म्हणजे झेरॉक्स समजून कोणी परत पाठवत नाही. सह्यांची पानं जागेवर लावल्यावरच पक्की बांधणी. आधी बांधून मग सह्या घ्यायला निघालेल्यांना चार जाड ठोकळे घेऊन जिने चढावे लागतात, आणि प्रमाणपत्रावरची एक तारीख चुकली तर अख्खी बांधणी उसवावी लागते.

बाइंडरकडे मुखपृष्ठाचा मजकूर कागदावर छापून द्या, फोनवर सांगू नका. सोनेरी अक्षरांत ‘विद्यापिठ’ लिहून आलेली प्रत दुरुस्त होत नाही. शीर्षक नोंदणीच्या वेळी मंजूर झालं तेच, शब्दन् शब्द तसंच हवं. एक ‘आणि’ बदलला तरी कार्यालय विचारतं.

जमा करताना पोच घ्या. वहीत सही करून देता तिचा फोटो काढला तरी चालतो. सोबत सॉफ्ट कॉपी मागतात, ती छापलेल्या प्रतीशी तंतोतंत जुळणारी पीडीएफ असावी.

यानंतरचे दोन दिवस काही सुचत नाही. तसं होणारच, पण एसईए डोक्यावर असते. ज्यांनी आयएसएच्या वेळीच टिपणं काढून ठेवली होती, त्यांना चार श्रेयांकांचा अभ्यास चार-पाच दिवसांत झेपतो. इतरांनी निदान मागच्या प्रश्नपत्रिका मिळवून एक तरी पूर्ण उत्तर हाताने लिहून पाहावं. महिनाभर फक्त टंकन केलेला हात परीक्षेच्या दुसऱ्या तासात दुखतो, आणि मराठीचा पेपर लिहिण्याचाच असतो.

तोंडी परीक्षा आमच्याकडे जमा केल्यावर काही दिवसांनी झाली. दहा-बारा स्लाइड पुरतात: विषय, प्रश्न, मर्यादा, साधनं, प्रकरणनिहाय एकेक स्लाइड, निष्कर्ष. स्लाइडही पीडीएफ करून न्या, कारण फॉन्टचं दुखणं तिथेही आहे. हमखास विचारतात: हाच विषय का, हाच कालखंड का, यावर आधी कोणी काय केलं, तुमचं नवं काय, आणि संदर्भसूचीतलं अमुक पुस्तक तुम्ही स्वतः पाहिलं का. शेवटच्या प्रश्नासाठी सूचीतून न पाहिलेली पुस्तकं आधीच काढून टाका. आपली बांधलेली प्रत जवळ ठेवा आणि महत्त्वाच्या पानांना चिठ्ठ्या लावा; परीक्षक पान क्रमांकाने विचारतात.

याच धांदलीत नेटचा (प्राध्यापकीसाठीच्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेचा) अर्ज येतो. २०२४ आणि २०२५ मध्ये जून सत्राचे अर्ज एप्रिलच्या उत्तरार्धात सुरू झाले, म्हणजे ऐन सह्यांच्या दिवसांत. शेवटच्या सत्रातल्यांना अर्ज करता येतो, मात्र पदव्युत्तर पदवी नेटच्या निकालानंतर दोन वर्षांत, ५५ टक्क्यांनी (ओबीसी, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ५०) पूर्ण झालेली लागते. त्या दोन्ही वर्षी शुल्क खुल्या गटाला ११५०, ओबीसी आणि ईडब्ल्यूएसना ६००, अनुसूचित जाती-जमाती व दिव्यांगांना ३२५ रुपये होतं. ओबीसीचं नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र केंद्राच्या नमुन्यातलं हवं. राज्याचा नमुना चालत नाही. त्याच्या तारखेची अट सूचनापत्रिकेत असते, ती वाचून उत्पन्नाच्या दाखल्याची तयारी मार्चमध्येच सुरू करा. मामलेदार कार्यालयाला तुमच्या लघुप्रबंधाची तारीख ठाऊक नसते. पेपर दोन असतात, प्रश्न अनुक्रमे ५० आणि १००, तीन तास सलग, चुकीला गुण कापत नाहीत, त्यामुळे एकही प्रश्न रिकामा सोडू नये.

ना-देय दाखल्याचं, म्हणजे नो ड्यूजचं, काम फार नाही पण पायपीट आहे: ग्रंथालय, वसतिगृह, विभाग, लेखा विभाग. ग्रंथालयापासून सुरू करा, कारण दंड आणि हरवलेली पुस्तकं तिथेच निघतात. मित्राला आपल्या कार्डावर काढून दिलेलं पुस्तक याच दिवशी आठवतं, आणि मित्र तोवर सावंतवाडीला पोचलेला असतो. वसतिगृहाची अनामत रक्कम परत मिळवायला बँकेचा तपशील आणि मूळ पावती लागते; प्रवेशाच्या दिवशीची ती पावती जपून ठेवलेली असावी. पीजीत राहत असाल तर घरमालकांना एक महिना आधी सांगा, म्हणजे अनामतीवरून वाद होत नाही.

निकालाआधी एकदा डिजिलॉकर उघडून आपला १२ अंकी अपार क्रमांक (विद्यार्थ्याच्या श्रेयांक खात्याचा ओळख क्रमांक) विद्यापीठाच्या नोंदीशी जुळतो का पाहा. श्रेयांक त्याच खात्यात जमा होतात, आणि नाव, जन्मतारीख किंवा लिंग आधारशी जुळलं नाही तर ते जमाच होत नाहीत. गोव्यात ही अडचण नेहमीची: जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, दहावीच्या गुणपत्रिकेवर वेगळं, आधारवर तिसरंच. परब आणि पोरोब, नाईक आणि नाइक, मधलं वडिलांचं नाव एकीकडे आहे, दुसरीकडे नाही. एखादं अक्षर असेल तर आधार दुरुस्त करून भागतं. आडनावच वेगळं असेल तर १९९० च्या गोवा नाव व आडनाव बदल कायद्याखाली जावं लागतं, आणि त्याला वेळ लागतो. पदवी प्रमाणपत्रावर कुठलं नाव छापायचं हे दीक्षान्ताचा अर्ज भरण्याआधी ठरलेलं हवं, छापून आल्यावर बदलणं फार जड जातं.

पुढे दुसऱ्या विद्यापीठात जायचं असेल तरच स्थलांतर प्रमाणपत्र काढा, इथेच पीएच.डी. करणार असाल तर लागत नाही. मूळ प्रत नवं विद्यापीठ ठेवून घेतं, म्हणून देण्याआधी स्कॅन करा. तात्पुरतं पदवी प्रमाणपत्र मात्र सगळ्यांनीच घ्यावं; दीक्षान्त होईपर्यंत नोकरीच्या अर्जाला तेच जोडायचं असतं. गुणपत्रिका आणि पदवी लॅमिनेट करू नका. बाहेरगावी शिकायला किंवा नोकरीला जाताना प्रमाणीकरणाचे शिक्के कागदाच्या मागे मारतात, लॅमिनेट केलेला कागद ते परत करतात. साधी प्लास्टिकची फाइल, आणि पावसाळ्यात तिच्यात सिलिकाची एक पुडी, एवढं पुरतं.